घणसोलीच्या गाडीचे शॉकअप

६ जानेवारी १९८६, सोमवार

आज सखूच्या खालच्या ओठाला दोन टाके पडले. पोरगी रडली नाही. मलाच दवाखान्याच्या बाकावर बसून पाणी मागावं लागलं.

झालं ते असं. घणसोलीहून आमची पिकअप पोरींना घेऊन निघाली. महाप्याचा नाका ओलांडल्यावर मागून केमिकलचा टँकर आला, अण्णांनी गाडी डावीकडे घेतली, डावं चाक खड्ड्यात आपटलं आणि मागचा हौदा असा उसळला की बाकांवरच्या पोरी एकमेकींवर कोसळल्या. सखूचं तोंड लोखंडी पाइपावर आदळलं. त्यानंतरही गाडीचं शेपूट बराच वेळ इकडून तिकडे फिरत होतं आणि टँकर अगदी चाटून गेला. हे मला जाईबाईने सांगितलं. सखू तिची नात, आणि पोरींना सांभाळायला म्हणून जाईबाई रोज गाडीबरोबर असते. अण्णा फक्त म्हणाले, "खड्डा होता."

मी तेव्हा वाशीत, मी शिकवते त्या शाळेच्या फाटकाशी उभी होते. गाडी वळली, थांबली, आणि पोरी उतरताना एकीच्या फ्रॉकवर रक्त दिसलं. ते कोणाचं हे कळेपर्यंत मी एकेकीची हनुवटी वर करून बघत सुटले.

हे सगळं मी सुरू केलं. गावातल्या पोरी चौथी झाली की घरी बसत, म्हणून मीच घरोघरी फिरले, मीच म्हणाले की आणायची-न्यायची जबाबदारी माझी. अण्णा मुंबईत बस चालवून रिटायर झालेले, आई गेल्यावर आमच्याकडे आले आणि मुलीच्या घरी नुसतं बसून जेवायचं त्यांच्या जिवावर येत होतं. मिठागरवाल्याची जुनी जीप-पिकअप मिळाली, मागे बाक आणि पत्र्याचं छप्पर घातलं, अण्णा पुन्हा स्टिअरिंगवर बसले. सगळ्यांनाच बरं वाटलं होतं.

आज सखूचा बाप गंगाराम मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

८ जानेवारी, बुधवार

तुर्भ्याला बाजीरावच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तो खाली शिरला आणि तेल लागलेली बोटं दाखवत बाहेर आला. मागचे दोन्ही शॉकअप मेलेत म्हणाला. एकातलं तेल केव्हाच गळून गेलंय, दुसरा गंजून जाम झालाय. स्प्रिंगचे पाटे वजन उचलतात, पण उसळलेल्या पाट्यांना आवरायचं काम शॉकअपचं. ते नाहीत म्हणून गाडी मागून नाचते.

मला किती हायसं वाटलं! एक वस्तू खराब आहे, ती बदलायची. भीतीला नाव मिळालं की निम्मी भीती कमी होते.

बाजीरावने काढून दिलेला शॉकअप अण्णा बोटांनी चाचपत राहिले, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाले, "म्हणजे दोष गाडीतच होता." बाजीराव म्हणाला, दुसरा कशात असणार. अण्णांचा चेहरा उजळला. आपल्या चालवण्याला कोणी नाव ठेवेल ही धास्ती त्यांना असावी. इतकी वर्षं चालवलेल्या माणसाला कोण नावं ठेवणार?

११ जानेवारी, शनिवार

बाजीरावने जीपचे नवे शॉकअप आणून बसवले. मी शेजारी बसून वाशीत एक चक्कर मारून आले. छान चालली. रात्री किती दिवसांनी झोप लागेल असं वाटतंय.

१३ जानेवारी, सोमवार

तुटला.

पोरी उतरवून गाडी परत जाताना तुटला, एवढी देवाची कृपा. एका उंचवट्यावरून मागचं चाक खाली आलं आणि डाव्या शॉकअपची कडीच उखडली. तो लोंबकळत, रस्त्याला घासत, ठिणग्या उडवत गेला. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने ओरडून थांबवलं.

बाजीराव डोकं खाजवत म्हणाला, "ताई, ही गाडी एका आईची नाय. तोंड जीपचं, पाटे कुठल्या तरी ट्रकचे, चासी कुनी तरी वाढवलेली. एक्सल लई खाली लोंबतो. जीपचा शॉकअप तिथपातूर पुरत नाय, तानला की तुटतो." मग हे आधी का नाही बघितलं? हे मी विचारलं नाही. घाबरले की मला भांडता येत नाही. त्याने हात वर केले: मापाचे आणून द्या, मी बसवून देतो.

गाडी बंद ठेवू का? दुपारभर हाच विचार. गंगारामने काल बाजीरावच्याच गॅरेजपाशी कोणाला तरी सांगितलं म्हणे की सखूला मोठ्या बहिणीसारखं घरीच ठेवलेलं बरं. एकदा गाडी थांबली की पोरी पुन्हा बाहेर निघणार नाहीत. अण्णा म्हणाले, हळू चालवतो. हो म्हणाले मी. चुकतंय का माझं?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पोरींनी मला तिळगूळ दिला आणि मी प्रत्येकीच्या हाताकडे न बघता तोंडाकडे बघत होते, कुठे लागलं नाही ना.

जाईबाईशी आज थोडं वाजलं. ती हल्ली मागे पोरींत बसतच नाही. पुढे अण्णांच्या डावीकडे बसते आणि सारखं काही तरी बोलत असते. सकाळी गाडी येताना लांबून दिसली, तेव्हाही तिचं तोंड चालू आणि हात बाहेर. मी म्हटलं, "जाईबाई, तुम्हाला पोरींसाठी ठेवलंय, अण्णांशी गप्पा मारायला नाही." ती खाली बघत म्हणाली, "व्हय बाय." आणि संध्याकाळी पुन्हा पुढेच जाऊन बसली! अण्णांनीही काही म्हटलं नाही. अण्णांना अशी बडबड कधीच आवडायची नाही. म्हातारपणी माणूस सोबतीला भुकेलेला असतो, दुसरं काय.

१८ जानेवारी, शनिवार

अरविंदने बायकोच्या शॉकअपसाठी बँकेतून अर्धा दिवस सुट्टी काढली. आम्ही दोघं कुर्ल्याला जुन्या स्पेअरपार्टच्या बाजारात गेलो. गल्लीच्या गल्ली नुसती गाड्यांच्या हाडांची: गिअरबॉक्सचे ढीग, दारं, दिवे, शिंगांसारखे उभे केलेले एक्झॉस्टचे पाइप. प्रत्येक दुकानात एकच प्रश्न: कौनसी गाडी? मी सांगायला लागले की जीपची, पण पाटे वेगळे, चासी वाढवलेली. पहिल्या दुकानदाराने मान फिरवली. दुसरा हसला. तिसरा म्हातारा बोहरी होता, त्याने स्टूल दिलं आणि सांगितलं की बाई, गाडीचं नाव विसरा. मला दाबलेल्या शॉकअपची लांबी सांगा, ताणलेल्याची सांगा, आणि वर-खाली कडी आहे की खिळा ते सांगा.

मला यातलं काहीच सांगता आलं नाही. बसमध्ये अरविंद म्हणाला, "गाडी विकून टाकू या का?" मी म्हटलं, आणि अण्णा? तो म्हणाला, "अण्णा परवा जिन्यात शेजारच्या स्मितावहिनींना धडकले. त्या बाजूलाच उभ्या होत्या." मी म्हटलं, जिन्यात उजेड कुठे असतो. सोसायटीला दहादा सांगून झालंय.

१९ जानेवारी, रविवार

शिवणाची टेप घेऊन गाडीखाली आडवी झाले. अरविंद ऑफिसच्या सहलीला गेलाय. अण्णांना म्हटलं तुम्ही माप घ्या, तुम्हाला कळतं. तर म्हणाले, तू घे, माझी पाठ वाकत नाही. काल तर पलंगाखालची चप्पल वाकून शोधत होते.

गाडीखाली पडून वर बघितलं की ती किती अवजड वाटते. काळं तेल, चिखलाचे थर, आणि जोडकाम केलेल्या ठिकाणी वेल्डिंगच्या जाड रेघा. कोणी कापली, कोणी जोडली, कोणी पाटे बदलले, देव जाणे. याच रेघांवर मी पोरी बसवते. जॅक घसरला तर, असं मनात आलं आणि मग माप तीनदा घ्यावं लागलं. वर खिळा, खाली कडी. चाक पूर्ण खाली लोंबताना एकवीस इंच. अण्णा बाहेरून विचारत होते, "वाचता येतंय ना नीट आकडा?"

पोह्यांची बशी त्यांच्या डाव्या हाताला ठेवली होती. तिच्यावर कोपर टेकलं, बशी फुटली. फार मनाला लागलं त्यांच्या. मी म्हटलं, अहो बशीच ना.

२२ जानेवारी, बुधवार

कुर्ल्याच्या म्हाताऱ्याकडे त्या मापाचे नाहीत. पनवेलला चिठ्ठी पाठवली. तिथेही नाहीत.

वर्गात नकाशा शिकवताना बाहेर हॉर्न वाजला आणि मी खडू टाकून खिडकीशी गेले. मुलं हसली.

२३ जानेवारी, गुरुवार

स्वप्न पडलं. गाडी येते, थांबते, आणि कोणीच उतरत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आज न्हावा शेव्याला जाऊन आले. शॉकअप मिळाले! पण आधी रस्त्याबद्दल लिहिते, नाही तर झोप येणार नाही.

बाजीरावला खबर लागली की तिथे नव्या बंदराचं काम चाललंय, तिथल्या एका ठेकेदाराने कामगारांना आणायच्या जुन्या मिनीबस मोडीत काढल्यात आणि त्यांचे सुटे भाग तसेच पडलेत. बाजीरावला यायला जमेना. शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर पोरींना घरी सोडून मी आणि अण्णा निघालो, पनवेलवरून गव्हाण फाट्याने. जाईबाई नव्हती, म्हटलं बरं, शांतपणे जाऊ.

अण्णा असे चालवत होते की मला माझे अण्णा वाटेनात. अगदी हळू, आणि रस्त्याच्या मधोमध. समोरून भरावाचे डंपर एकामागून एक, माती उडवत, हॉर्न दाबून धरलेले. प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी अण्णा डावीकडे घेत, आणि घेतलं की इतकं घेत की माझ्या बाजूचं चाक कडेच्या खाली उतरे आणि मागचा हौदा डोलायला लागे. दाराची कडी मी इतकी आवळून धरली होती की तळहातावर वण उठलाय.

"पुढे काय आहे गं?" ते विचारत.

"बैलगाडी आहे, अण्णा. डाव्या हाताला."

"हां, हां. दिसली." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "ती पाटी काय म्हणते?"

मी सारखी बोलत राहिले. न बोललं तर भीती वाटत होती आणि बोललं की अण्णांचे खांदे जरा सैल होत. धुळीने त्यांना काही दिसत नसणार. मला मात्र दिसत होतं. मी चष्मा लावते, त्याने धूळ अडत असेल. शिवाय शॉकअप नसलेल्या गाडीचा त्यांनाही धसका बसलेला. एका वळणावर डंपर इतका जवळून गेला की आरसा मोडून आत आला. अण्णांनी गाडी थांबवली. स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांचा हात बाटलीच्या शेजारून गेला. पुन्हा फिरवला तेव्हा सापडली. "धूळ फार," म्हणाले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ते लहान मुलासारखे बसले होते. परत फिरू या म्हटलं, तर म्हणाले, "नाही. शॉकअप घेऊनच जायचं. एकदा ते बसले की सगळं नीट होईल."

खाडीच्या कडेला, भरावाच्या ढिगाऱ्यांमागे, मोडक्या मिनीबसांची रांग होती. मुकादम भला माणूस. त्याने शेडमधून मेणकागदात गुंडाळलेले शॉकअप काढून दिले, कधीच न वापरलेले. मी टेप लावली. वर खिळा, खाली कडी. ताणून धरल्यावर बावीस इंच. म्हणजे आमच्या एकवीसाला पुरून उरत होते. उन्हात उभी राहून रडले मी. मुकादमाला वाटलं बाईला ऊन लागलं.

परतताना दोन ट्रकांच्या मागे मागे आलो. अण्णा म्हणाले, पुढे कोणी असलं की बरं पडतं.

२८ जानेवारी, मंगळवार

बाजीरावने बसवले. खालचं भोक थोडं मोठं होतं, त्यात त्याने बुश घालून घट्ट केलं. मग गाडीच्या मागे उभा राहून सगळा भार टाकून हौदा दाबला आणि सोडला. हौदा वर आला आणि तिथेच थांबला. आधी चार-पाचदा नाचायचा. अण्णांनी हे बघण्याऐवजी मान कलती करून ऐकलं.

३० जानेवारी, गुरुवार

पोरी सांगतात, आता मागे बसून वहीत लिहितासुद्धा येतं. गंगाराम स्वतः गाडीतून शाळेपर्यंत बसून आला आणि मला मान हलवून गेला. अण्णा खुशीत. आज वर्गात हॉर्न ऐकला आणि मी जागची हलले नाही.

जाईबाई अजून पुढेच बसते. आता काही म्हणणार नाही. एवढ्या आनंदात कशाला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहायचंय. घडलं त्या क्रमानेच.

जाईबाईला ताप आला म्हणून काल निरोप होता. पोरींबरोबर कोणी तरी हवं म्हणून आज सकाळी मी अण्णांबरोबर घणसोलीला गेले. पोरी मागे बसवल्या, साखळी लावली, आणि मी पुढे बसायला आले. अण्णा म्हणाले, "तू मागे बस हवं तर." मग लगेच म्हणाले, "नको, पुढेच बस."

गाडी सुरेख चालली होती. कुठे डोलणं नाही, उसळणं नाही. मला इतकं बरं वाटत होतं की मी बाहेर बघायचं सोडून पर्समध्ये पेपर तपासायची लाल पेन्सिल शोधत होते. गप्प होते. एक शब्द बोलत नव्हते.

कोपरखैरण्याच्या पुढे रस्त्याच्या डाव्या कडेला पाण्याच्या पाइपासाठी चर खणलाय. मुरमाचे ढीग आहेत. दोन ढिगांच्या मधे एक मजूर बाई पोराला पाजत बसली होती, पाठ रस्त्याकडे. मी मान वर केली तेव्हा ती माझ्या बाजूच्या दिव्यासमोर होती. लांब नव्हती. समोर होती. हिरवं लुगडं, त्याच्यावर मातीचे हात उमटलेले, आणि पोराचं डोकं.

अण्णा सरळ बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणजे भीती नाही, घाई नाही, रस्ता मोकळा असल्यासारखा चेहरा.

मी किंचाळले आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढलं. गाडी उजवीकडे गेली, अण्णांनी ब्रेक मारला, मागून पोरींचा एकच आवाज आला आणि गाडी रस्त्यात आडवी थांबली. मागून येणारा टेम्पो कसा थांबला ते मला माहीत नाही. बाई पोराला छातीशी धरून चराच्या पलीकडे उभी होती. आमच्याकडे बघत होती. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत तिने.

मी उतरून मागे गेले. सगळ्या पोरी होत्या. कोणाला काही लागलं नव्हतं. मी दोनदा मोजल्या.

अण्णा म्हणाले, "काय झालं? काय होतं?"

मी म्हटलं, "बाई होती, अण्णा."

"कुठे?"

ती अजून तिथेच उभी होती.

पोरींना मी उरलेला रस्ता चालवत शाळेत नेलं, कडेकडेने, एकमेकींचे हात धरून. अण्णा गाडीशी बसून राहिले. बाजीरावचा माणूस जाऊन गाडी घेऊन आला. मुख्याध्यापिकांना काय सांगितलं आठवत नाही. ब्रेक, म्हणाले असेन.

५ फेब्रुवारी, बुधवार

जाईबाईला बघायला गेले. घणसोलीच्या त्या अरुंद बोळातल्या घरात ती घोंगडी पांघरून बसली होती. कालचं तिला कळलं होतं. मी दारात उभी राहिले तशी तिने पहिलं विचारलं, "काल बाजूला कोन बसला व्हता?"

मी म्हटलं, मी बसले होते.

"तुमी बोलल्या नाय?"

आणि मग ती रडायला लागली. दिवाळीपासून तिला माहीत आहे. अण्णांना समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. आधी कोंबड्या, मग कुत्रं, मग एकदा सायकलवाला. तेव्हापासून ती पुढे बसायला लागली. डावीकडे माणूस हाय, गाडी येते, खड्डा हाय, जरा इकडं घ्या. रोज, जाता-येता. दोघांत त्याबद्दल एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. तिने सांगायचं, त्यांनी ऐकायचं.

माझा संताप झाला. मी म्हटलं, मागे पोरी होत्या, तुमची स्वतःची नात होती, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?

"सांगितला आसता तं तुमी गाडी बंद केली आसती," ती म्हणाली. "मग सखू घरान बसली आसती. तिची मोठी बहीन बसली, माझी पोर बसली, मी बसले. मना वाटला, माझे डोले हायेत ना. तेच्यावर वरीस निघंल." मग तिने पदराने तोंड झाकलं. "रोज उतरले का पयल्या पोरी मोजायची बाय. रोज."

तिला काय बोलणार? मलाही सगळं दिसत होतं. बशी, बाटली, जिना. मी चष्मा लावते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांशी बोलायला दोन दिवस धीर होत नव्हता. आज संध्याकाळी गॅलरीत त्यांच्याजवळ बसले. मी काही म्हणायच्या आत तेच बोलले.

"ती बाई कशी आहे?"

मी म्हटलं, बरी आहे. पोरही बरं आहे.

मग म्हणाले, "तुला वाटेल मी लपवलं. लपवलंच. पण सुमे, मलाही खरंच वाटत होतं गं, गाडीतच दोष आहे म्हणून. बाजीराव म्हणाला ना शॉकअप गेलेत, त्या दिवशी मी देवाचे आभार मानले. म्हटलं, गाडी डोलते म्हणून आपल्याला नीट दिसत नाही. नवे बसले. गाडी डोलायची थांबली. पहिल्याच दिवशी मला कळलं. गाडी अगदी सरळ चालली होती, आणि तरी कडेचं काहीच नव्हतं. काळंही नाही. नुसतं नव्हतंच."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू इतकी खूश होतीस."

अरविंद आत चहा करत होता, तो तिथेच उभा राहिला. अण्णा पुढे म्हणाले की सकाळी उठल्यापासून त्यांना भीती वाटायची, किल्ली फिरवेपर्यंत. मग जाईबाई शेजारी येऊन बसली की जरा कमी व्हायची. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून भीती हा शब्द ऐकला.

८ फेब्रुवारी, शनिवार

ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांना नाकासमोर बघायला सांगितलं आणि स्वतःचं बोट त्यांच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. दिसलं की सांगा. मी मागे उभी होते. बोट कानापाशी, बोट गालापाशी, आणि अण्णा गप्प. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा म्हणाले, "आता." त्यांना वाटलं लवकर सांगितलं. डॉक्टर दुसऱ्या बाजूने सुरू झाले. मला ते बघवेना.

काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, आहे ते थेंबांनी राखायचं. किती राहील हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जिना उतरताना अण्णांनी कठडा धरला होता आणि मी एक पायरी पुढे उतरत होते, ते पडले तर माझ्यावर पडावेत म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार

गावदेवीच्या देवळासमोर सगळ्या पोरींचे आई-बाप जमले. मी सगळं सांगितलं. ब्रेक नाही, खड्डा नाही; माझ्या वडिलांना दिसत नव्हतं आणि मी बघितलं नाही. जाईबाईचं नाव घेतलं नाही. घेणार नव्हते, पण तीच उभी राहिली आणि आपलं आपण सांगून बसली.

एक जण उठला, त्याच्या दोन्ही पोरी येणार नाहीत म्हणाला आणि गेला. त्याच्यामागून आणखी एक घर. बरोबरच आहे त्यांचं. मी अडवलं नाही.

मग गंगाराम म्हणाला, "तुमी सांगितला ते बरा झाला. आता चालवनार कोन?"

त्याचा चुलतभाऊ भगवान दगडखाणीवर ट्रक चालवतो. त्याची पाळी दुपारची. सकाळी पोरींना नेईन म्हणाला. संध्याकाळी सध्या एसटीने, जाईबाईबरोबर. मी म्हटलं आधी त्याचे डोळे तपासून घेऊ. तो हसला. माझा चेहरा बघून थांबला, म्हणाला, "येतो."

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज गाडी पुन्हा निघाली. भगवान पहाटेच आमच्याकडे किल्ली न्यायला आला. अण्णांनी ती स्वतःच्या हाताने दिली आणि मग म्हणाले, मीही येतो. मी नको म्हणणार होते. अरविंदने मला खूण केली.

गावातून पोरी चढल्या. न आलेल्या पोरींच्या जागा रिकाम्या दिसत होत्या. जाईबाई मागे साखळीपाशी बसली. अण्णा पुढे न बसता मागे चढले, पोरींच्या बाकावर, दोन्ही हातांनी वरचा पाइप धरून. मी त्यांच्यासमोर बसले. गाडी चांगली चालत होती, तरी प्रत्येक धक्क्याला त्यांची बोटं पाइपावर घट्ट व्हायची. मुरमाचे ढीग आले. मी न सांगताच त्यांना कळलं असावं, ते डोळे मिटून बसले.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "मागे बसलेल्याला पुढचं काही दिसत नाही गं."

"नाही, अण्णा."

"मग माणसं कशी बसतात?"

भगवानने टँकरला वाट दिली. टँकर गेला. पोरी आपसांत कसले तरी पाढे म्हणत होत्या.

शाळेपाशी सगळ्या उतरल्या. अण्णा शेवटी उतरले आणि तिथेच उभे राहिले. फाटक कुठल्या बाजूला आहे ते त्यांना समजेना. विचारलंही नाही त्यांनी. नुसता हात जरा पुढे केला, कोणाला तरी धरायला द्यावा तसा. मी पुढे व्हायच्या आत दोन पोरींनी तो धरला आणि "इकडं, अन्ना, पायरी हाय," असं सांगत त्या त्यांना आत घेऊन निघाल्या. ते निमूट चालले. मी मागून गेले, त्यांच्या पायांपुढचा एकेक दगड बघत.

भीती गेलेली नाही. आज फक्त सगळे पोचले.